मदत हवी आहे: पहिल्याच विहिरीच्या रिझल्टवरून तेलसाठा किती मोठा ते कळतं का?

मंडळी, इथे ऑफशोअरवाले किंवा जिऑलॉजीवाले कोणी असतील तर जरा सांगा. एका कंपनीने समुद्रात तेल लागल्याचं जाहीर केलंय आणि आमच्या लोकलच्या ग्रुपमधे सगळे शेअर घ्यायला निघालेत, पण मी ती नोट डोंबिवली ते दादर दोनदा वाचली तरी डोकं चालेना.

त्यात टेस्टमधे दिवसाला इतके बॅरल (1 बॅरल म्हणजे साधारण 159 लिटर) असं ठळक लिहिलंय, पण टेस्ट किती तास चालली, चोक (तेलाचा प्रवाह कमीजास्त करणारी झडप) केवढा उघडला होता, प्रेशर नंतर पडलं का, काहीच नाही. चोक मोठा केला की आकडा फुगणारच ना, नळ पूर्ण सोडल्यासारखं? शिवाय तेलाच्या थराची जाडी दिलीय ती ग्रॉस म्हणजे सगळी मिळून, त्यातला खरंच तेल देणारा खडक म्हणजे नेट पे किती ते गुलदस्त्यात. पोरॉसिटी (खडकातल्या छिद्रांचं प्रमाण), पाण्याचं प्रमाण, तेही नाही.

बाबा जुहूहून हेलिकॉप्टरने रिगवर जायचे, ते म्हणतात एका विहिरीवर उड्या मारू नका, साठा आडवा कुठवर पसरलाय ते अप्रेझल विहिरी (शोधानंतर साठा तपासायला खणतात त्या) खणल्यावरच कळतं. पण मुंबईजवळच्या समुद्रातल्या बॉम्बे हायला सागर सम्राट या रिगने 1974 साली तेल शोधलं आणि 1976 ला उत्पादन सुरूसुद्धा झालं, मग तिथे एवढ्या लवकर खात्री कशी पटली? आणि जमिनीत आहे त्यातलं वर किती येईल, याचा अंदाज एवढ्यात बांधता येतो का? कंपनीला नेमकं काय विचारावं?