स्वयंपाकघराची खिडकी डक्टमध्ये: रिडेव्हलपमेंटच्या प्लॅनमध्ये काय बघायचं?

खजिनदारकाकू

नमस्कार मंडळी. कोथरूडला आमची सोसायटी, १९८६ ची. तळमजला अधिक तीन, सोळा फ्लॅट, लिफ्ट नाही. पस्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, त्यामुळे निवृत्त झाल्या झाल्या खजिनदारपद गळ्यात पडलं. आता रिडेव्हलपमेंट निघालंय. खाली दोन मजले पार्किंग, वर बारा मजले, एकूण उंची साधारण ४० मीटर.

गेले चार महिने आमच्या सभांमध्ये एकाच विषयावर भांडणं: जादा कार्पेट, म्हणजे घराच्या आतलं वापरायचं क्षेत्रफळ, किती टक्के? ३५ वरून ४० वर आणताना दोघांचं बोलणं बंद झालं. मागच्या आठवड्यात पहिल्यांदा मजल्याचा नकाशा हातात आला. तो जेवणाच्या टेबलावर पसरून मी नुसत्या खिडक्या मोजत बसले. मजल्यावर चार फ्लॅट. त्यातल्या दोघांच्या स्वयंपाकघराला एक ड्राय बाल्कनी (धुण्याभांड्याची) आणि ती बाल्कनी उघडते डक्टमध्ये, म्हणजे पाइपांसाठी सोडलेल्या आतल्या पोकळीत. त्या दोनातला एक आमचा.

आत्ता माझ्या ओट्यासमोरच्या खिडकीत सकाळी साडेनऊपर्यंत ऊन असतं आणि बाहेर शेवगा आहे. फांदी इतकी जवळ, की शेंगा खिडकीतून हात घालून काढते. शेवगा जाणार हे मान्य. पण दिवसाढवळ्या दिवा लावून पोळ्या लाटायच्या?

बिल्डरच्या आर्किटेक्टला विचारलं तर म्हणाले, "मॅडम, सगळं नियमात बसतं." कुठल्या नियमात, ते सांगितलं नाही. जाणकारांनी सांगावं. आणि खिडकी सोडून आणखी काय काय बघायचं, तेही.

---

पेठकर

कार्पेट ४० टक्के वाढवून मिळतंय ना? मग खिडकीतून काय बघताय, गालिचा बघत बसा.

---

नकाशेवाला

काकू, पेठकरांकडे दुर्लक्ष करा. मी बावीस वर्षं आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे मंजूर करून आणायचं काम करतो. दोन्ही 'पीएमसी'शी रोजचा संबंध, महापालिका आणि सोसायटीने नेमलेले प्रोजेक्ट मॅनेजमेंटवाले. फोनवर कुठल्या पीएमसीने फाइल अडवली हे घरी कोणालाच कळत नाही.

डिसेंबर २०२० पासून मुंबई आणि आणखी थोडे भाग सोडले तर सगळ्या राज्याला बांधकामाची एकच नियमावली आहे, युनिफाइड डीसीपीआर. त्यामागे आधाराला राष्ट्रीय इमारत संहिता, २०१६ ची. तुमच्या प्रश्नाचा गाभा असा, की डक्ट आणि चौक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि नकाशावर दोन्ही नुसता रिकामा चौकोन दिसतात.

डक्ट संडास-बाथरूमसाठी. हवा वर निघून जावी आणि पाइप उतरावेत एवढंच तिचं काम. संहितेत तिची मापं उंचीप्रमाणे वाढतात. ३० मीटरच्या वरच्या इमारतीला ९ चौरस मीटर, कुठलीही बाजू ३ मीटरपेक्षा कमी नाही. आणि एखादी खोली आतल्या चौकावर उजेड घेणार असेल, तर त्या चौकाचं क्षेत्रफळ त्याला लागून असलेल्या सगळ्यात उंच भिंतीच्या एक पंचमांशाच्या वर्गाइतकं हवं. तुम्ही गणिताच्या बाई, पुढचं मी कशाला सांगू. ४० चा पाचवा भाग ८. आठ गुणिले आठ, ६४ चौरस मीटर. म्हणजे जवळजवळ ६९० चौरस फूट!

एवढा चौक कोथरूडच्या प्लॉटवर कोणी सोडत नाही. मग काय करतात, तर स्वयंपाकघर आणि डक्ट यांच्यामध्ये ड्राय बाल्कनी घालतात. कागदावर स्वयंपाकघर बाल्कनीत उघडतं आणि बाल्कनी 'मोकळ्या जागेत'. म्हणून तोंडी उत्तर घेऊ नका. लेखी विचारा: ही जागा डक्ट धरली आहे की चौक, तिची मापं काय आणि नियमावलीतल्या कुठल्या कलमाखाली दाखवली आहे? तीन ओळींचं पत्र. उत्तर यायला किती दिवस लागतात त्यावरूनच बरंच कळेल.

इमारतीबाहेरच्या बाजूच्या मोकळ्या जागेचाही हिशोब उंचीच्या पाचव्या भागाचाच असतो, पण अडचणीच्या प्लॉटला आयुक्त त्यात सवलत देऊ शकतात. तेव्हा सवलत कुठे कुठे मागणार आहेत, हे फाइल आत जाण्याआधी विचारून ठेवा. सवलत म्हणजे तुमच्या आणि शेजारच्या भिंतीतलं अंतर कमी. ती बिल्डरला प्रीमियम, म्हणजे महापालिकेची फी, भरून मिळते आणि तिथे राहायचं तुम्हाला.

बाल्कन्या-लॉब्या एवढ्या अरुंद का, तर आता पी-लाइनच्या, म्हणजे इमारतीच्या बाहेरच्या रेषेच्या, आतलं जवळजवळ सगळं बांधकामात मोजलं जातं. त्यासाठी निवासी इमारतीला प्रस्तावित एफएसआयच्या (प्लॉटच्या किती पट बांधायचं तो आकडा) ६० टक्क्यांपर्यंत जादा, 'अन्सिलरी' एफएसआय मिळतो, पण पैसे भरून. पॅसेजचा प्रत्येक फूट बिल्डरच्या खिशातून जातो. आणि ते ४० टक्के रेरा (घरखरेदीचा कायदा) कार्पेटवर आहेत का, ते बघा. रेराच्या व्याख्येत आतल्या भिंती धरतात, बाल्कनी धरत नाहीत. बाल्कनी आत घालून ४० केलेले असतील, तर भांडणारे दोघे उगाच भांडले.

---

सव्वीस नंबर

ठाण्याहून लिहितोय. आमचं रिडेव्हलपमेंट होऊन तीन वर्षं झाली. खिडक्या उत्तम आहेत हो, पण पार्किंग बघा.

नकाशात प्रत्येकाला एक गाडी होती. प्रत्यक्षात ती पझल पार्किंगची, खाली खड्डा आणि वर दोन थर. सकाळी साडेआठला सगळ्यांची एकदम ऑफिसला निघायची वेळ. माझी गाडी वरच्या थरात, म्हणजे आधी खालच्या दोन सरकणार, मग माझी उतरणार. एकेका गाडीला दोन-तीन मिनिटं. पाचवा नंबर असेल तर चहा पिऊन या. पहिल्याच पावसाळ्यात खड्ड्यात पाणी भरलं, पंप बंद पडला आणि तळमजल्याच्या जोशीकाकूंची नवी कोरी गाडी दारापर्यंत बुडाली. वार्षिक देखभालीचा करार कोणी करायचा यावर दीड वर्ष पत्रव्यवहार चालू आहे.

नियमातलं गाडीचं माप २.५ बाय ५ मीटर. ते खांबांच्या रेषेपासून मोजलंय की प्लॅस्टर झालेल्या खांबापासून, ते विचारा. माझ्या शेजाऱ्याच्या गाडीच्या डाव्या दारातून उतरताच येत नाही. तो बायकोला गेटवर उतरवतो.

---

रिंगमास्तर

सर्कशीचा नाही, सळईच्या रिंगांचा. स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे.

खाली दोन मजले नुसते खांब, वर बारा मजले भिंती. म्हणजे खालचा भाग मऊ, वरचा ताठ. २६ जानेवारी २००१ ला भुजच्या भूकंपात तिथून दोनशेहून अधिक किलोमीटर लांब अहमदाबादेत इमारती पडल्या. त्यांत अशा खांबांवर उभ्या असलेल्या बऱ्याच होत्या. वरचे मजले जवळजवळ अखंड आणि खालचं पार्किंग नाहीसं झालेलं, असे फोटो आमच्या पिढीने कॉलेजात बघितले आहेत. तेव्हा पार्किंगच्या मजल्यांवर लिफ्टभोवती आणि कडेने काँक्रीटच्या भिंती कुठे आहेत, ते नकाशावर बोट ठेवून दाखवायला सांगा. "पार्किंग कमी होतं" म्हणून त्या काढल्या जातात.

बांधकाम सुरू झाल्यावर एक गोष्ट तुम्ही स्वतः बघू शकता. खांबाच्या रिंगेची टोकं आत, काँक्रीटच्या गाभ्याकडे वळलेली हवीत, १३५ अंशात. नुसती काटकोनात वळवलेली असतील तर जोराच्या हादऱ्यात रिंग उघडते. कोनमापक घेऊन जा काकू, तुम्हाला शोभेल.

---

बंबवाला

निवृत्त, अग्निशमन. थोडक्यात लिहितो. ४० मीटरला रेफ्युज एरिया, म्हणजे आग लागली तर लोकांनी थांबायची मोकळी जागा, दाखवलाय का ते विचारा. असेल तर तो कोणाच्या फ्लॅटला लागून आहे ते आत्ताच बघा, कारण ताबा मिळाल्यावर तिथे पहिल्यांदा झोपाळा येतो आणि मग कुलूप.

इमारतीभोवती बंब फिरायला ६ मीटरचा रस्ता दाखवतात. त्या रस्त्याखाली पाण्याची टाकी घेतलीय का? घेतली असेल तर वरचा स्लॅब ४५ टनांच्या बंबासाठी धरलाय का? एका सोसायटीत आम्ही बंब गेटबाहेर उभा करून पाइप ओढत नेले होते. नशिबाने फक्त मीटरची खोली जळाली.

---

खजिनदारकाकू

सगळ्यांचे आभार, पेठकरांचेसुद्धा. त्यांचा गालिचा सभेत वापरला, हशा पिकला.

झालं ते सांगते. नकाशेवाल्यांचं गणित वाचलं आणि डोक्यात शाळा शिरली. शनिवारी संध्याकाळी खडूचा डबा आणि टेप घेऊन गच्चीवर गेले. ३ बाय ३ चा चौकोन आखला, तो नकाशातला डक्ट. मग त्याच मध्यावरून ८ बाय ८ चा, तो कायद्याचा चौक. सगळ्यांना वर बोलावलं. लहान चौकोनाच्या या कडेला कुलकर्णीवहिनींना उभं केलं, समोरच्या कडेला सुमनताईंना. दोघींच्या मध्ये तीन मीटर. दोघींनी हात पुढे केले तर मध्ये जेमतेम दीड मीटर उरलं. वहिनी म्हणाल्या, "म्हणजे हिच्या कुकरच्या शिट्ट्या मी मोजणार." सुमनताई म्हणाल्या, "आणि तुमच्याकडे आज बोंबील आहेत हे मला दार न उघडता कळणार." मोठ्या चौकोनाच्या कडेला उभं राहून जाधवांनी फक्त एवढंच विचारलं, की हा आपल्या आत्ताच्या फ्लॅटपेक्षा मोठा आहे का. आहे. आमचा फ्लॅट ५८० चा.

पत्र दिलं. नऊ दिवसांनी उत्तर आलं. त्यात कलम नव्हतं, नवा नकाशा होता! दोन्ही स्वयंपाकघरं बाहेरच्या बाजूला फिरवली आहेत. बदल्यात त्या दोन फ्लॅटची एकेक बेडरूम लहान होते आणि जादा कार्पेट ४० वरून ३६ वर येतं, तेही फक्त आम्हा दोन ओळींच्या फ्लॅटना. उरलेल्या दोन ओळी ४० वरच. आता भांडण हे, की खिडकीची किंमत आम्हीच का मोजायची, सगळ्यांनी एकेक-दोन टक्के का सोडू नयेत. माझ्या डोळ्यांसमोर सरळ त्रैराशिक आहे, सभासदांच्या डोळ्यांसमोर नाही.

पार्किंगच्या भिंतींचं विचारलंय. टाकी रस्त्याखालीच निघाली, ४५ टनांचं लेखी मागितलंय. मतदान येत्या रविवारी. तोवर पाऊस आला नाही तर चौकोन गच्चीवर तसेच राहतील. मुलं त्यात लंगडी खेळतायत, त्यांना खेळू दिलंय.

नकाशेवाले, एक शेवटचं: हा सुधारलेला नकाशा करारनाम्याला जोडून त्यावर बिल्डरची सही आणि शिक्का घेतला, तर नंतर महापालिकेत वेगळाच नकाशा दाखल होण्याला आळा बसतो का?

---

नकाशेवाला

बसतो, पण पुरता नाही. करारात असं लिहून घ्या, की महापालिकेत दाखल होणारा प्रत्येक नकाशा, सुधारितसुद्धा, आधी सोसायटीची लेखी संमती घेऊनच जाईल आणि दाखल केल्याची प्रत आठ दिवसांत मिळेल. नकाशावर खिडक्यांची मापं लिहिलेली हवीत, नुसती रेघ नको. आणि प्रत्येक पानावर सही घ्या. मधलं पान बदललेलं मी पाहिलंय.