युनिव्हर्सिटीच्या स्टाफला 'सांस्कृतिक विविधता' शिकवायची खरंच गरज आहे का?

खिडकी_नंबर_३ :
मंडळी, डोकं फिरलंय म्हणून लिहितोय. मी एका विद्यापीठात क्लार्क आहे, कुठल्या ते विचारू नका, घर कोल्हापुरात एवढं पुरे. परिपत्रक आलं, शिपायापासून अधीक्षकापर्यंत सगळ्यांना दोन दिवस 'सांस्कृतिक विविधता आणि जागतिक जाणीव' प्रशिक्षण, गैरहजर राहिला तर खुलासा द्या. ॲडमिशनचा सीझन, टेबलावर फायलींचा ढीग, आणि आम्ही एसी हॉलमध्ये बसून हिमनगाचं चित्र बघतोय. वर दिसतात ते कपडे आणि जेवण म्हणे, पाण्याखाली असतात ती मूल्यं. मग पाऊण तास जपानमध्ये व्हिजिटिंग कार्ड दोन्ही हातांनी कसं द्यायचं. अहो आमच्याकडं जपानी एकसुद्धा नाही, आणि माझ्याकडं व्हिजिटिंग कार्डच नाही.
आणि हे कुणाला शिकवताय? ज्या गावात १९०२ ला शाहू महाराजांनी ५० टक्के आरक्षण आणलं, मराठा, जैन, मुस्लिम, लिंगायत, अस्पृश्य सगळ्यांच्या पोरांसाठी बोर्डिंगं उभी राहिली, शेजारच्या वळिवड्याला १९४३ ते ४८ पोलंडची ५ हजारांच्या आसपास युद्धानं बेघर झालेली माणसं राहून गेली, त्या गावाला? माझं म्हणणं एवढंच, ह्या पैशात एक जादा माणूस खिडकीवर बसवा.

तांबडा_पांढरा :
नाद खुळा भावा. आमच्यात पण झालं मागच्या वर्षी. लक्षात राहिला तो फक्त दुपारचा बासुंदीचा बेत.

पेठेतली_मास्तरीण :
तांबडा, तू बासुंदी खाऊन आलास यात ट्रेनिंगचा काय दोष? मी उलट बाजूनं बोलणार आहे.
दोन वर्षांमागं इथिओपियाच्या एका पीएचडीच्या पोराबरोबर मी ऑफिसला गेलो (हो, बाई असून 'गेलो', कोल्हापूरची आहे, सुधारायला येऊ नका). फॉर्मवर जन्म १९९७, आणि शाळेच्या दाखल्यावर बारावी पास २००७. खिडकीवरचा माणूस दाखला उलटासुलटा करून बघतोय आणि मोठ्यानं म्हणतोय, "दहाव्या वर्षी बारावी झालास व्हय रे? बोगस हाय हे." मागची अख्खी रांग हसली. पोराला मराठी कळत नव्हतं, पण हसणं कळलं, त्याचा चेहरा मी बघितलाय. त्यांच्या देशाचं कॅलेंडरच वेगळं, १३ महिन्यांचं, आपल्यापेक्षा ७-८ वर्षं मागं चालतं. म्हणजे पोरगं वेळेवरच पास झालं होतं. पुढं नावाचा घोळ. त्यांच्यात आडनाव नसतंच, स्वतःचं नाव, बापाचं, आज्याचं. आमच्या सॉफ्टवेअरला आडनाव पाहिजेच म्हणून आज्याचं नाव पुढं आलं, आणि मार्कशीट आणि पासपोर्ट जुळेनात. त्याचे चार महिने गेले ह्यात.

खिडकी_नंबर_३ :
मॅडम, हे वाईटच झालं, पण ह्याला हिमनग कशाला पाहिजे? एक पानाची नोट काढा, 'इथिओपियाच्या दाखल्यावर त्यांचं साल असू शकतं, आडनावाचा रकाना सोडला तरी चालेल'. आणि सॉफ्टवेअरवाल्याला बोलवा. दोन दिवस कशाला?

पेठेतली_मास्तरीण :
नोट काढली असती तरी तो हसलाच असता. कॅलेंडर माहीत नसणं वेगळं, आणि माहीत नाही म्हणून समोरच्याला चोर ठरवणं वेगळं.

निवृत्त_रेक्टर :
मी हॉस्टेल बघायचो, त्यामुळे दोघांचंही पटतं आणि दोघांवरही राग येतो. तुम्ही परदेशी पोरांवरच भांडताय. आमच्या हॉस्टेलला अरुणाचलचा एक मुलगा होता, गेटवर त्याच्याकडं पासपोर्ट मागितला. आधार कार्ड दाखवलं तर वॉचमन म्हणाला हे पण काढून मिळतं. २०१४ ला दिल्लीत निडो तानिया नावाचा अरुणाचलचाच पोरगा मारहाणीत गेला, केसांवरून चिडवण्यातनं सुरू झालेलं भांडण. त्यानंतर केंद्रानं ईशान्येकडच्या लोकांच्या अडचणी बघायला बेझबरुआ समिती नेमली. म्हणजे 'जागतिक' सोडा राव, आधी भारताचा नकाशा भिंतीवर लावा.
बाकी शाहू महाराजांचं नाव घेऊन 'आम्हाला काय शिकवता' म्हणणाऱ्यांची मला मौज वाटते. महाराजांनी लोकांच्या चांगुलपणावर सोडलं नव्हतं. १९१९ ला हुकूम काढला, शाळेत, दवाखान्यात अस्पृश्यांना नीट वागवायचं, ज्या नोकराला हे जमत नसेल त्यानं राजीनामा द्यावा. स्लाईड नाही, हिमनग नाही.

तांबडा_पांढरा :
सर हे तर खिडकीच्याच बाजूचं झालं की. हुकूम काढा, ट्रेनिंग कशाला.

निवृत्त_रेक्टर :
नाही. महाराजांनी हुकूम काढला आणि स्वतः गंगाराम कांबळे ह्या अस्पृश्य माणसाच्या हॉटेलात जाऊन चहा पण प्यायले. दोन्ही लागतं. तुमच्या प्रशिक्षणात चहा प्यायला कोण आलं होतं? कुलसचिव उद्घाटन करून निघून गेले असणार.

खिडकी_नंबर_३ :
दीपप्रज्वलन करून १० मिनिटांत 😂 बरोबर ओळखलं.

व्हिसावाली :
मी एका कॉलेजात परदेशी विद्यार्थ्यांचं काम बघते. तुमचं 'उद्या या' किती महागात पडतं ते सांगते. १८० दिवसांपेक्षा जास्त व्हिसा असला की आल्यापासून १४ दिवसांत नोंदणी करावी लागते, आणि त्याला संस्थेचं बोनाफाईड लागतं. आता साहेब रजेवर, मग शनिवार-रविवार, मग गणपती. आपल्या पोराला माहीत असतं की 'उद्या या' म्हणजे परवा कुणाची तरी ओळख काढून ये. बाहेरचा पोरगा खरंच उद्या येतो, परत परवा येतो, आणि १५ व्या दिवशी नियम मोडल्याचं उत्तर तो देत बसतो, तुम्ही नाही. ट्रेनिंगमध्ये जपान शिकवण्यापेक्षा हे शिकवा. पण ट्रेनिंग पाहिजेच, कारण तुम्हाला वाटतं 'उद्या या' हे साधं बोलणं आहे.

खिडकी_नंबर_३ :
आता खरं सांगतो, हसू नका. गेल्या पावसाळ्यात पावणेसहाला ड्रॉवरला कुलूप घातलं, छत्री घेतली, खिडकीसमोर सुदानचा एक पोरगा होता, त्याला सवयीनं म्हणालो "येतो हं" आणि घरी गेलो. त्यानं थोडी मराठी शिकलेली, 'येतो' म्हणजे येतोय एवढी. वॉचमननं लाईट बंद करेपर्यंत तो खिडकीसमोर उभा. दुसऱ्या दिवशी वॉचमननंच मला झापलं.
तरीपण दोन दिवसांचं ट्रेनिंग मला नको आहे, हे कायम. हे मला हिमनगानं नाही शिकवलं, वॉचमननं शिकवलं. आता 'निघालो' म्हणतो.

पेठेतली_मास्तरीण :
मग पुढच्या वेळी त्या वॉचमनलाच तज्ज्ञ म्हणून बोलवा, मानधन द्या. आणि त्या पोराचं काम झालं का ते सांगितलंच नाही तुम्ही.

खिडकी_नंबर_३ :
झालं. तिसऱ्या दिवशी.