भाऊ अजून आमच्यात आहे, तरीही मी त्याच्यासाठी शोक करते आहे

प्रश्न

माझे वय सोळा वर्षे असून माझ्या धाकट्या भावाला रक्ताचा कर्करोग आहे. पहिले उपचार संपल्यावर तो बराच काळ ठणठणीत होता. आता आजार उलटला आहे आणि डॉक्टरांनी अस्थिमज्जा (हाडांच्या आतला, रक्त तयार करणारा मऊ गर) प्रत्यारोपणाचा विषय काढला आहे. माझी मज्जा त्याला जुळते का, याची तपासणी व्हायची आहे. घरात सगळे 'तो बरा होणारच' एवढेच म्हणतात, त्यामुळे मी न्हाणीघरात नळ सोडून रडते आणि मग भीती वाटते की तो जिवंत असताना मी त्याचा शोक करते, म्हणजे मनातून मी आशा सोडली आहे की काय. हल्ली तो क्षुल्लक कारणावरून अंगावर येतो. परवा त्याने माझ्या हातातला रिमोट हिसकावून भिंतीवर आपटला, तेव्हा मला त्याचा मनस्वी राग आला, आणि आजारी भावाचा राग येणारी मी कसली बहीण, हा विचार पाठ सोडत नाही. माझी मज्जा जुळली नाही तर काय, हे तर कोणापाशी बोलताच येत नाही.

उत्तर १

मी कर्करोगग्रस्त मुलांच्या कुटुंबांसाठी समुपदेशन करते. तू शेवटी लिहिलेली गोष्टच मला सर्वांत जड वाटली, म्हणून आधी तिच्याविषयी. मज्जा जुळते की नाही हे पेशींवरच्या एचएलए नावाच्या खुणांवर ठरते, आणि त्यांचा अर्धा संच आईकडून, अर्धा वडिलांकडून येतो. त्यामुळे सख्ख्या भावंडांत पूर्ण जुळणी होण्याची शक्यता सुमारे २५ टक्केच असते. म्हणजे न जुळणे हेच अधिक संभवते, आणि ते भावाच्या जन्माआधीच ठरलेले आहे. तुझ्या प्रेमाची ती परीक्षा नाही. जुळणी झाली नाही, तर नोंदणीकृत दात्यांमध्ये शोध घेतात किंवा अर्धी जुळणी असलेल्या आईवडिलांपैकी एकाचा विचार करतात.

त्याच्या चिडचिडीविषयी: या आजारात बहुधा स्टेरॉइड्स दिली जातात, आणि त्यांनी मुले चिडखोर होतात, झोप उडते, भूक खवळते. तो ती घेत असेल, तर रागाचा बराचसा भाग औषधाचा असू शकतो. अर्थात हे कळल्याने हिसका बसलेला हात दुखायचा थांबत नाही. तुला राग येणे स्वाभाविक आहे, आणि तो आला म्हणून माया आटली असे होत नाही.

उत्तर २

दुःखाच्या पाच पायऱ्या असतात असे मी वाचले आहे. तू नकाराची पायरी ओलांडून रागाच्या पायरीवर आली आहेस. पुढे स्वीकार येईल. धीर धर.

उत्तर ३

वरील उत्तरामागचा सद्भाव मान्य करूनही मला थोडे वेगळे सांगायचे आहे. मनोविकारतज्ज्ञ एलिझाबेथ कुबलर-रॉस यांनी १९६९ मध्ये मांडलेल्या त्या अवस्था मरणासन्न रुग्णांशी झालेल्या संभाषणांतून आल्या होत्या. रुग्णाच्या बहिणीने कोणत्या क्रमाने दुःख करावे, याचे ते वेळापत्रक नव्हे. माझी थोरली बहीण आजारी होती तेव्हा मी तुझ्याच वयाचा होतो. सकाळी मी तिच्यावर चिडलेला असे, दुपारी मित्रांबरोबर हसत असे आणि रात्री पुन्हा रडत असे. तू ज्याचा शोक करते आहेस ते आजही हरवलेलेच आहे: एकत्र शाळेत जाणे, मनसोक्त भांडणे, आईबाबांचे तुझ्या वाट्याचे लक्ष. त्याचे दुःख आणि तो बरा होईल ही आशा एकाच मनात खुशाल राहतात.

आईबाबांना एवढेच सांग की अर्धवट कानावर पडण्यापेक्षा तुला खरे ते कळलेले हवे आहे. रात्री जेवणानंतरची दहा मिनिटे त्यासाठी ठरवून घ्या. ते टाळतील, कारण त्यांना तुला जपायचे असते (माझ्या आईने तर कितीतरी दिवस टाळले), तरी पुन्हा विचार. शाळेत विश्वासातल्या एका शिक्षिकेला परिस्थिती सांगून ठेव. प्रत्यारोपणाच्या वेळी संसर्ग टाळण्यासाठी भावाला कित्येक आठवडे वेगळ्या खोलीत ठेवतील आणि तुला साधी सर्दी झाली तरी आत सोडणार नाहीत. तेव्हा फोनवर रोज कोणता खेळ खेळायचा, हे दोघांनी आत्ताच ठरवा. त्यात त्याला मुद्दाम जिंकू देऊ नकोस. दिवसभर सगळे त्याला रुग्ण म्हणूनच वागवत असतात.

प्रश्नकर्ती

नळाविषयी लिहिताना संकोच वाटला होता, पण लिहिले ते बरे झाले. तपासणीपूर्वी मी डॉक्टरांशी एकटी बोलू शकते का? आणि काय विचारू?

उत्तर १ कडून पुन्हा

अवश्य बोलू शकतेस. अनेक प्रत्यारोपण केंद्रांत अल्पवयीन दात्याची बाजू पाहण्यासाठी भावाच्या उपचारांत नसलेला दुसरा डॉक्टर असतो. तशी सोय आहे का, हे आधी विचार. मज्जा कशी काढतात, भूल देतात का, नंतर किती दिवस दुखते, हे सगळे विचार. निरोगी दात्याची मज्जा साधारण काही आठवड्यांत भरून येते, पण ते तू त्यांच्याच तोंडून ऐक. भीती वाटत असेल, तर तीही त्यांना सांग. आणि या काळात झोप किंवा जेवण सुटले, किंवा जगणे नकोसे वाटू लागले, तर तपासणीच्या दिवसाची वाट न पाहता त्याच दिवशी घरातल्या मोठ्या माणसाला किंवा डॉक्टरांना सांग. जुळणीचा निकाल तुला कोण सांगणार आणि त्या वेळी तुझ्याजवळ कोण असावे, हेही रक्त देण्यापूर्वीच ठरवून घे.