देवळात, मशिदीत, तालमीत पर्यावरणासाठी काय केलंत? कोल्हापूरकरांनो, अनुभव सांगा

शुक्रवार पेठेतनं :
माझं सासर पंचगंगेच्या काठाला. २००५ चा पूर सासूबाईंकडनं ऐकला, २०१९ आणि २०२१ चे दोन मी स्वतः बघितले. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटाला इशारा आणि ४३ ला धोका, हे आमच्याकडं पोरांनासुद्धा पाठ असतंय, जुलै लागला की सकाळी उठून पहिल्यांदा "किती फूट झालं?" हेच विचारायचं. पूर धरणामुळं का नदीत टाकलेल्या भरावामुळं यावर घराघरात वाद होतात, ते असूदे, पण हवा एका डिग्रीनं तापली की साधारण ७ टक्के जास्त वाफ धरते आणि मग ती चार दिवसांत एकदम कोसळते हे पोरानं वही काढून समजावलं तेव्हापासनं माझ्या डोक्यातनं जात नाही.

आमचं एकवीस बायकांचं भजनी मंडळ आहे. महाप्रसादाच्या थर्माकोलच्या ताटल्या बंद केल्या, ज्यानं त्यानं घरनं ताट-वाटी आणायची. आणि निर्माल्य नदीत न टाकता देवळामागच्या खड्ड्यात घालायचं ठरवलं. पहिल्या वर्षी नुसता वास सुटला, कारण हारांचे दोरे, चकमक, प्लास्टिकचे मणी कुणी काढलेच नव्हते, सगळं तसंच कोंबलेलं आणि वरनं पाणी साचलेलं. आता आरती झाली की पाच जणी खाली बसून हार सोडवतो, फुलांचा एक थर, वाळलेल्या पाल्याचा एक, मूठभर माती. आत हवा खेळली की वास येत नाही, मिथेनही होत नाही. गेल्या वर्षीचं खत सगळ्यांच्या तुळशीला पुरलं. तुमच्याकडं काय केलंत ते लिहा, जमलं नसेल तर तेही लिहा.

शिवाजी पेठेतनं :
ताई, आमच्या तालमीचं शेणीदान सांगतो, शेणी म्हणजे गोवऱ्या. आपल्याकडं पंचगंगा स्मशानभूमीत शेणीवर अग्नी देतात आणि महापालिका त्याचे पैसे घेत नाही, बाहेरगावच्या पाव्हण्यांना हे सांगितलं तर त्यांना खरं वाटत नाही. आधी होळीला आमची चढाओढ असायची, आपली होळी पलीकडच्या गल्लीपेक्षा उंच पाहिजे, त्यासाठी फांद्या तोडून आणायचो, एकदा तर टायर पण टाकला होता, त्याचं आजही वाईट वाटतंय. आता मानाच्या पाच शेणी लावायच्या, बोंब मारायची, नैवेद्य दाखवायचा आणि जमलेल्या बाकी सगळ्या शेणी टेम्पोत भरून स्मशानात. माझ्या आज्याला तिथंच अग्नी दिला, त्यामुळं पहिल्या वर्षी टेम्पो रिकामा करताना हात थरथरत होते. पोळ्या पण आता आगीत न टाकता गोळा करून वाटतो. वर्गणी देणाऱ्यांतल्या दोघांनी "सण मोडायला लागलाय" म्हणून वर्गणी बंद केली, ती अजून बंदच आहे.

कुरुंदवाडजवळनं :
आमच्याकडं मशिदीत गणपती बसतोय हे सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळं ह्या कामात पण हिंदू-मुसलमान असं वेगळं काही नव्हतंच. आम्ही वझूचं, म्हणजे नमाजाआधी हात-पाय-तोंड धुतात त्याचं, पाणी धरलं. पाच वेळची नमाज, प्रत्येक जण नळ सोडून बसणार आणि ते सगळं गटारीत. पैगंबर साहेबांनी वाहत्या नदीवर बसलात तरी वझूला पाणी जास्त वापरू नका म्हणून सांगितलंय, हे मौलानांनी जुम्याला सांगितलं आणि पुढच्या आठवड्यात नळ बारीक धारेचे बसले. साबण नसतो त्यात, म्हणून पाइप टाकून पाणी चिंच आणि लिंबाच्या आळ्यात सोडलंय. मी तीन वर्षं बोलत होतो तेव्हा कुणी ऐकलं नव्हतं.

भुदरगडातनं :
आमच्या देवराईबद्दल थोडं लांबण लावतोय, माफ करा. जुनं कौलारू देऊळ पाडून स्लॅबचं करायचं ठरलं, मुंबईकर मंडळींनी पैसे जमवले आणि कंत्राटदारानं सांगितलं गाडी आत यायला अकरा झाडं काढावी लागतील. आमच्याकडं देवराईतली वाळकी काटकी पण कुणी घरी नेत नाही. तरी सभेत निम्मे लोक गप्प, कारण पैसे देणारे आपलेच भाऊबंद. शेवटी गुरवानं देवाला कौल लावूया म्हणून सांगितलं. भिजवलेल्या कळ्या मूर्तीला लावल्या, उजवी पडली तर झाडं काढायची, डावी पडली तर राखायची. दीडशे माणसं, खोकल्याचा सुद्धा आवाज नाही. पाऊण तासानं डावी कळी सुटली आणि गुरवाच्या पायाजवळ पडली. देऊळ झालं, पण वाळू-सिमेंट डोक्यावरनं पाटीनं नेलं, खर्च वाढला आणि काम एक उन्हाळा लांबलं. देवराईच्या खालचा झरा मे महिन्यात पण चालू असतोय, आमची वाडी त्याच्यावरच जगते. कौल उजवा पडला असता तर काय केलं असतं हे मी आजही स्वतःला विचारतो.

राजारामपुरीतनं :
गणपती नदीत न सोडता मूर्तिदान करतात, त्याबद्दल एक सांगायचंय. आम्ही मनापासनं मूर्ती दिली आणि दुसऱ्या दिवशी त्याच मूर्ती एका गाडीत एकमेकींवर रचलेल्या बघितल्या, सासरे रडले. त्यानंतर घरातल्या कुणाला दान करा म्हणायची माझी हिंमत झाली नाही. आता वीतभर शाडूचा आणतो, घरातल्या पितळी घंगाळात विसर्जन, दोन दिवसांनी ती माती जास्वंदीला. लोकांना बदल पाहिजे असतो, पण देवाची हेळसांड चालत नाही.

बापट कॅम्पमधनं :
मी कुंभार. सगळे शाडूचा गणपती मागतात, चांगलंच आहे, आम्हालाही माती हाताला बरी वाटते. पण एक बाजू बघा. २०१९ ला चतुर्थी २ सप्टेंबरला होती आणि पाणी आलं ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे मूर्ती तयार, नुसतं रंगकाम राहिलेलं. प्लॅस्टरची मूर्ती भिजली तर रंग जातोय, वाळवून परत उभी राहते. कच्च्या शाडूची गुडघाभर पाण्यात रात्रभर राहिली की सकाळी नुसता चिखल. आम्ही रात्री रांग लावून हातोहात माळ्यावर चढवल्या, तरी खालच्या ओळी गेल्या. ज्यानं नदीचं भलं बघितलं त्याचंच जास्त गेलं. म्हणून मागणी एवढीच, ऑर्डर श्रावणात नको, उन्हाळ्यात द्या, थोडा ॲडव्हान्स द्या, मूर्ती फुटाच्या आत ठेवा आणि पाणी वाढायला लागलं की मूर्ती ठेवायला उंचावर जागा द्या.

शुक्रवार पेठेतनं, परत :
दादा, आमच्या घरात पाणी येतंय, पण भजनी मंडळातल्या एकीची मंगळवार पेठेत उंचावर माडी आहे, तिला आत्ताच फोन केला. मागची खोली रिकामी आहे म्हणाली, जिना तेवढा अरुंद आहे. फुटाच्या आतल्या मूर्ती वर जातील. किती आहेत आणि फळ्या किती लागतील ते सांगा, ३९ ला लागायच्या आधी आम्ही बायका येऊन रांग लावतो.