बक्षीस लागलंय म्हणणारे फोन, पत्रं, पार्सलं: तुमचे अनुभव

चिंगी_आत्या: काल सासूबाईंच्या नावाने पोस्टाने जाडसर पाकीट आलं, आत स्क्रॅच कार्ड. खरवडलं तर कार! खाली हेल्पलाइन म्हणून साधा मोबाइल नंबर. त्यावरून लहानपणीची पेपरातली जाहिरात आठवली, नऊ चौकोन, उभी आडवी तिरपी बेरीज १५ आली की ट्रान्झिस्टर बक्षीस. मधे ५ टाकला की पोरासोरांनाही सुटायचं. शेजारच्या काकांनी पाठवलं, व्हीपी आली, पोस्टमन पैसे मोजून घेतल्याशिवाय पार्सल हातात देईना, आणि उघडलं तर पेपरच्या बोळ्यांत गुंडाळलेली वीट. काकू म्हणाल्या स्टेशन लावा आता. तुमचे किस्से येऊ देत.

सातारकर: व्हीपी 😂 आमच्याकडे अर्धा चेहरा दाखवून हिरो ओळखा असायचं. उत्तर चुकूच नये याचीच सोय!!

मेथीची_जुडी: आईला व्हॉट्सअ‍ॅपवर ऑडिओ, केबीसीत २५ लाख, सोबत बच्चनचा फोटो. नंबर +९२ वाला, म्हणजे पाकिस्तानचा कोड, आपला +९१. आईने शांतपणे सांगितलं, प्रोसेसिंग फी त्या पंचवीस लाखांतनंच कापून घे बाळा आणि उरलेले पाठव. बाळाने फोन आपटला. कुकर लावलाय, बाकी नंतर लिहिते.

खडूस_कॅशियर: बँकेत आहे म्हणून सांगतो, जीएसटी, टॅक्स आधी भरा म्हणाले की तिथेच ओळखायचं. खरं रोख बक्षीस असेल तर देणाराच ३० टक्के टीडीएस कापून उरलेले देतो. गाडीसारखी वस्तू असेल तर कर आधी भरायची भानगड असते खरी आणि हे लोक नेमकं तेच अर्धं खरं वापरतात, पण तो कर सरकारी चलनाने जातो, कुणा मॅनेजरच्या यूपीआयवर नाही. आणि पैसे यायला पिन लागत नाही हो, पिन मागितला म्हणजे जाणारच. रोज कुणीतरी काउंटरवर येऊन रडतं.

नाना_डोंबिवली: आमचे तीर्थरूप महाराष्ट्र राज्य लॉटरीचं तिकीट नेमाने काढायचे, पेपरात नंबर शोधताना चहा गार व्हायचा. तिकीट काढून लागली नाही, आता न काढता लागतेय.

चिंगी_आत्या: नाना 😄 कॅशियर, हे सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या विचारतायत गाडी पांढरीच देतात का.

खडूस_कॅशियर: लाल सांगा. बरं, कुणाचे गेलेच तर लाजत बसू नका, लगेच सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३० लावा. पैसे पुढे फिरायच्या आत कळलं तर खात्यात अडवता येतात. दुसऱ्या दिवशी सावकाश आलात तर अवघड.

मेथीची_जुडी: आले परत. भात करपला. @सातारकर तुम्ही साताऱ्यात कुठे? माझं माहेर शाहूपुरी.

सातारकर: अहो आम्ही करंजे! हाकेच्या अंतरावर.