मदत हवी आहे: कंसाच्या आधी वजा आला की सजातीय पदांचा घोळ

नमस्कार मंडळी. खानापूर भागातल्या मराठी माध्यमाच्या सातवीसाठी विचारतोय. सजातीय पदं (अक्षर आणि घात सारखे असलेली) मिळवणं, म्हणजे ५अ + २अ = ७अ, सगळ्यांना येतं. गाडी अडते ती इथं:

७अ − ३(अ − २ब) + ब

बरोबर उत्तर ४अ + ७ब. वह्यांत मात्र ४अ − ५ब सापडतं, कारण कंसातल्या दुसऱ्या पदाचा अंक गुणला जातो, चिन्ह जुनंच राहतं. (−३) × (−२ब) = +६ब ही पायरी तोंडी उरकली की हमखास चूक. काहीजण ४अ + ७ब पर्यंत नीट येतात आणि शेवटी ११अब करून मोकळे होतात!

पडताळ्याला अ = १, ब = १ देऊ नका. मूळ राशी ११ आणि ११अब पण ११, चूक लपून जाते. अ = २, ब = १ घ्या: मूळ राशी १५, ११अब २२, ४अ − ५ब फक्त ३.

'अ म्हणजे रताळी' असं शिकवणं टाळतो. अ म्हणजे रताळ्याचा किलोचा दर, ब बटाट्याचा. मग ४अ + ७ब हे बिल होतं, ११अब ला अर्थच राहत नाही. अ² ला हा दर चालत नाही, तिथं अ बाजूचा पुठ्ठ्याचा चौरस आणि अ साठी अ लांबीची, एक एकक रुंदीची पट्टी वापरतो.

आता प्रश्न ऋण पदांचा. पट्टीची मागची बाजू लाल करून ती ऋण मानली, तर −३(अ − २ब) मुलांसमोर कसं मांडता? आधी (अ − २ब) चे तीन संच लावून मग सगळे उलटवायचे, की दुसरं काही? वर्गात करून बघितलेल्यांनी पायऱ्यांसकट सांगा.