मंद संगणकावर 'रिपेअर' सॉफ्टवेअर चालवावं का? माझं मत: अजिबात नको

बोरू (धागाकर्ता)

गेल्या आठवड्यात बाबांच्या संगणकासमोर बसलो होतो. बटण दाबल्यापासून माउस धड हलायला लागेपर्यंत सहा मिनिटं. त्याआधी बाबांनी कुठलंसं 'रिपेअर' सॉफ्टवेअर टाकून पाहिलं होतं. त्याने लाल अक्षरांत सांगितलं: ८१२ त्रुटी सापडल्या, दुरुस्तीसाठी पूर्ण आवृत्ती विकत घ्या. बाबा हबकले होते. आपल्याच हातून काहीतरी बिघडलं असं त्यांना वाटत होतं, आणि मला सगळ्यात जास्त राग त्याचा आला.

तेच सॉफ्टवेअर मी माझ्या लॅपटॉपवर चालवून पाहिलं. त्यावर आदल्याच दिवशी विंडोज नव्याने टाकलं होतं, दुसरं काहीही नव्हतं. तिथेही तीनशेच्या वर त्रुटी!

मग बाबांच्या संगणकावर टास्क मॅनेजर (कोणत्या भागावर किती ताण आहे ते दाखवणारी विंडोजची खिडकी) उघडला. सीपीयू ७ टक्के, मेमरी निम्मी रिकामी, डिस्क १०० टक्के. पाच मिनिटं बघत बसलो, तो शंभराचा आकडा काही हलेना. कॅबिनेटला कान लावला तर आतून टक्... थोडं थांबून पुन्हा टक्... डिस्कची तब्येत दाखवणारं 'क्रिस्टलडिस्कइन्फो' चालवलं तर पिवळा इशारा, आणि रीअलोकेटेड सेक्टरचा, म्हणजे खराब झाल्याने बदलाव्या लागलेल्या जागांचा, आकडा वाढलेला. म्हणजे हार्ड डिस्कच शेवटच्या घटका मोजत होती. त्या ८१२ त्रुटींत ही एक गोष्ट नव्हती. उलट ते सॉफ्टवेअर रोज रात्री 'डीप स्कॅन' करून त्याच डिस्कला राबवत होतं.

या साधनांचा मुख्य दावा रजिस्ट्री, म्हणजे विंडोज आणि प्रोग्राम आपल्या सेटिंग जिथे नोंदवतात ती वही, साफ करण्याचा असतो. पण रजिस्ट्रीची मांडणी फांद्या-उपफांद्यांची आहे. प्रोग्राम हव्या त्या नोंदीकडे पत्ता धरून थेट जातो, अख्खी वही पहिल्या पानापासून चाळत नाही. लाखो नोंदींतून पाच-सातशे जुन्या काढल्या तर वेगात जाणवण्यासारखा फरक पडत नाही. मायक्रोसॉफ्टने स्वतः १९९०च्या दशकात 'रेगक्लीन' नावाचं साधन दिलं होतं, नंतर ते मागे घेतलं. आज रजिस्ट्री क्लीनर वापरण्याला आमचा पाठिंबा नाही, असं त्यांनीच लिहून ठेवलंय.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे: आधी दुखणं शोधा. औषध नंतर.

सांजवात

बोरू, तुमचा राग समजला, पण 'अजिबात नको' हे पटलं नाही. माझी आई एकटी राहते. टास्क मॅनेजर हा शब्दसुद्धा तिने ऐकलेला नाही. तिचा संगणक इतका अडकत होता की पत्र लिहिताना अक्षरं टाइप केल्यावर दोन सेकंदांनी उमटायची. मी फोनवरून तिला एक सफाईचं सॉफ्टवेअर टाकायला सांगितलं. सी ड्राइव्हवर जेमतेम २ जीबी जागा उरली होती, त्याने ३० जीबीच्या वर मोकळी केली. जागेअभावी अर्धवट लटकलेलं अपडेट त्याच रात्री पूर्ण झालं आणि दुसऱ्या दिवसापासून संगणक नीट चालायला लागला.

'आधी दुखणं शोधा' हे ज्याला शोधता येतं त्याच्यासाठी ठीक आहे. बाकीच्यांनी काय करायचं? एका बटणाचं साधन हाच त्यांचा आधार असतो.

उंबरठा

सांजवात, आईच्या संगणकाला गुण आला तो मोकळ्या जागेमुळे. विंडोजच्या सेटिंगमध्ये 'स्टोरेज सेन्स' आहे, ते चालू केलं की हेच काम आपोआप होतं, फुकट.

आणि ज्याला शोधता येत नाही, नेमका त्यालाच हे लोक गाठतात. मार्च २०१९ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने (ग्राहकांची फसवणूक रोखणारी सरकारी संस्था) संगणकाच्या फसव्या तपासणीबद्दल ऑफिस डेपो आणि सपोर्ट डॉट कॉम या कंपन्यांकडून मिळून ३.५ कोटी डॉलर घेतले. तपासणीच्या सुरुवातीला ग्राहकाला चार गोष्टी विचारल्या जायच्या: संगणक मंद झालाय का, सारख्या जाहिराती उसळतात का, अशा. त्यातल्या एकावर जरी खूण केली तरी निकालात मालवेअरची (घातक सॉफ्टवेअरची) लक्षणं दिसायचीच. स्कॅनमध्ये काय सापडलं याचा त्याच्याशी संबंधच नव्हता. मार्च २०२४ मध्ये रीस्टोरो आणि रीइमेज यांच्यावर तशीच कारवाई झाली, २.६ कोटी डॉलरची. ही दोन्ही तर 'रिपेअर'च्याच नावाने विकली जाणारी सॉफ्टवेअर.

मधली सुट्टी

चार लबाडांमुळे सगळ्यांना एकाच माळेत ओवू नका. विंडोजमधलं 'एसएफसी स्कॅननाऊ' काय करतं? खराब झालेल्या सिस्टिम फाइल शोधून मूळ प्रतीवरून दुरुस्त करतं. 'डिझम' ती मूळ प्रतच सुधारतं. मग हीसुद्धा रिपेअर सॉफ्टवेअरच झाली की! वीज गेल्याने अपडेट मध्येच तुटलेल्या दोन संगणकांवर मला यांचा उपयोग झालाय. स्टार्ट मेनू उघडतच नव्हता, तो उघडला.

मायक्रोसॉफ्टनेही आता 'पीसी मॅनेजर' नावाचं एका बटणाचं साधन काढलंय. लोकांना गरज आहे म्हणूनच ना?

बोरू

मधली सुट्टी, एसएफसीबद्दल शंभर टक्के मान्य, शीर्षकात मी तो फरक करायला हवा होता. पण एसएफसी बिघाड दुरुस्त करतं, वेग वाढवण्याचं वचन देत नाही. आणि काही सापडलं नाही तर तसं स्पष्ट सांगतं. मी ज्यांच्याबद्दल बोलतोय त्यांना 'काही सापडलं नाही' असं म्हणताना मी एकदाही पाहिलेलं नाही.

प्रामाणिक साधनांचीही एक धास्ती आहे. सीक्लीनर हे सफाईचं सॉफ्टवेअर किती लोकांचं आवडतं होतं! २०१७ मध्ये त्याच्या ५.३३ या आवृत्तीत हल्लेखोरांनी कंपनीच्याच यंत्रणेतून मालवेअर घुसवलं आणि ती सुमारे २२.७ लाख संगणकांवर पोचली. सिस्टिमचे सगळे अधिकार अशा साधनाच्या हातात द्यायचे, तर बदल्यात काहीतरी ठोस मिळायला हवं.

मधली सुट्टी

तसा हल्ला कुठल्याही सॉफ्टवेअरवर होऊ शकतो. या न्यायाने ब्राउझरही काढून टाकावा लागेल.

बोरू

ब्राउझरशिवाय माझं काम अडतं. रजिस्ट्री क्लीनरशिवाय काय अडतं?

पाणवठा

तुमच्या भांडणात मेमरीचा मुद्दा राहून गेला. 'रॅम मोकळी करा' असं बटण देणारी साधनं सगळ्यात फसवी. ती चालू प्रोग्रामची पानं (माहितीचे तुकडे) मेमरीतून डिस्कवर ढकलतात. आकडा क्षणभर छान दिसतो. मग तुम्ही ब्राउझरवर परत गेलात की तीच पानं डिस्कवरून पुन्हा वाचावी लागतात. ४ जीबी रॅममध्ये वीस टॅब उघडणाऱ्याला कुठलंही सॉफ्टवेअर पाचवा जीबी देऊ शकत नाही.

आणि डिस्क फिरती असेल तर खरा फरक एसएसडीनेच, म्हणजे फिरता भाग नसलेल्या, चिपवर साठवणाऱ्या डिस्कनेच पडतो. फिरत्या डिस्कचं डोकं एका जागेवरून दुसऱ्या जागी जायला साधारण १० मिलिसेकंद घेतं. एसएसडीला त्याच्या शंभराव्या भागाइतकाच वेळ लागतो. विंडोज सुरू होताना अशा हजारो उड्या असतात.

सांजवात

पाणवठा, एसएसडी बसवायलाही कोणाला तरी बोलवावंच लागतं. माझा प्रश्न तिथेच आहे.

पण काल आईकडे गेले होते तेव्हा टास्क मॅनेजरचा 'स्टार्टअप' टॅब, म्हणजे संगणकाबरोबर आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रामची यादी, उघडून पाहिला. ज्या सफाईच्या सॉफ्टवेअरची मी इथे बाजू घेतली, तेच तिथे बसलेलं होतं, इम्पॅक्ट 'हाय'. शिवाय प्रिंटरची दोन जुनी साधनं, ज्यांचा प्रिंटर आता घरातही नाही. तिन्ही बंद केली, स्टोरेज सेन्स चालू केलं. संगणक आता मिनिटभराच्या आत सुरू होतो.

तरी सांगते, त्या दिवशी फोनवरून हे सगळं मला आईकडून करून घेता आलं नसतं. ते सॉफ्टवेअर होतं म्हणून तिचं पत्र वेळेत गेलं. तेव्हा 'अजिबात नको' मी आजही म्हणणार नाही. काम झाल्यावर ते काढून टाकायला सांगायला हवं होतं, ती चूक माझी.

उंबरठा

बोरू, त्या डिस्कवरचं सगळं निघालं का?

बोरू

बहुतेक निघालं. डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडून आधी फोटो काढले, मग कागदपत्रं. दोन फोल्डर 'रीड एरर' म्हणून तिथेच अडतात, रात्रभर ठेवूनही पुढे सरकत नाहीत. त्यातलं एक आजीच्या शेवटच्या वर्षातलं आहे. बाबा रोज संध्याकाळी विचारतात, आलं का म्हणून. उद्या डिस्क डेटा रिकव्हरीवाल्यांकडे देतोय, तोवर ती पुन्हा चालू करणार नाही.